करुणेचा हिशेब

सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्या परिचर्या शिकल्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटलं, तेव्हा रुग्णांच्या घरच्या अडचणी पाहणाऱ्या समाजसेविका म्हणून त्या पुन्हा रुग्णालयात आल्या. १९४८ साली त्यांच्या ओळखीचा एक रुग्ण कर्करोगाने गेला. डेव्हिड टास्मा त्याचं नाव. पोलंडहून आलेला ज्यू, हॉटेलात वेटर, परक्या शहरात एकटा. मरणाऱ्या माणसाला वेदनेशिवाय राहता येईल अशी एखादी जागा असावी, याबद्दल दोघं तासन्‌तास बोलत. जाताना त्याने सॉन्डर्स यांच्या नावे ५०० पौंड ठेवले; त्या घराला माझी एक खिडकी असू दे, असं सांगून.

सॉन्डर्स त्यानंतर संध्याकाळच्या वेळी मरणासन्न रुग्णांच्या एका संस्थेत स्वयंसेविका म्हणून जाऊ लागल्या. तिथे मॉर्फिन द्यायला वेदना उसळण्याची वाट पाहत नसत. ठराविक तासांनी ते तोंडावाटे दिलं जाई आणि रुग्ण शांत, शुद्धीवर, बोलते असत. मोठ्या रुग्णालयांत हे का होत नाही? हा प्रश्न घेऊन त्या नॉर्मन बॅरेट या शल्यविशारदाकडे गेल्या. नर्सचं काम पुन्हा धरावं, असं त्यांच्या मनात होतं. बॅरेट यांनी त्यांना वैद्यक शिकायला सांगितलं. मरणाऱ्याकडे पाठ फिरवणारे डॉक्टरच आहेत, आणि डॉक्टर झाल्याशिवाय तुमचं कोणी ऐकणार नाही, असा त्याचा मथितार्थ. १९५१ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, सॉन्डर्स यांनी वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश घेतला. १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पुढच्या वर्षापासून लंडनमधल्या सेंट जोसेफ या कॅथलिक भगिनींच्या संस्थेत हजाराहून अधिक रुग्णांच्या वेदनेच्या नोंदी त्यांनी ठेवल्या आणि १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभं केलं. जगभरच्या आजच्या उपशामक सेवेचा उगम तिथे आहे.

बॅरेट यांचा सल्ला बरोबर ठरला. पण त्याने एक जखम उघडी ठेवली. सॉन्डर्स यांना जे दिसलं ते उशाशी बसल्यामुळे दिसलं होतं. रात्री तीन वाजता वेदना कशी असते, औषधाचा असर उतरू लागला की चेहरा आधी कसा बदलतो, हे राउंडला येऊन जाणाऱ्यापेक्षा रात्रभर जागणारीला जास्त कळतं. तरीही त्या ज्ञानाला वजन यावं म्हणून ते ज्ञान असलेल्या बाईला दुसऱ्या व्यवसायाची पदवी घ्यावी लागली.

अमेरिकेत गेल्या पंचवीस वर्षांत फोफावलेली 'डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस', म्हणजेच डीएनपी ही पदवी या जखमेवरचा एक उपाय म्हणून पाहता येते. नर्सने नर्स राहूनच आपल्या कामातली सर्वोच्च पदवी मिळवावी, आणि ती मिळवण्यासाठी रुग्णापासून दूर जावं लागू नये, हा तिचा गाभा. नव्या ज्ञानाचा शोध घेणारी पीएच.डी. वेगळी. डीएनपीच्या विद्यार्थिनीने उपलब्ध पुरावा आपल्या वॉर्डात, आपल्या दवाखान्यात प्रत्यक्ष उतरवून दाखवायचा असतो. २००१ साली केंटकी विद्यापीठाने असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने ठराव केला, की प्रगत पातळीवर काम करणाऱ्या नर्ससाठी २०१५ पर्यंत हीच पदवी पायाभूत व्हावी. ती मुदत पाळली गेली नाही, मास्टर्सची वाट अजून चालू आहे. मात्र भूल देणाऱ्या नर्सच्या बाबतीत २०२२ पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकीला डॉक्टरेटच करावी लागते. आज हा अभ्यासक्रम चारशेहून अधिक ठिकाणी चालतो. बी.एस्सी.नंतर किमान १००० तासांचं देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम आणि शेवटी प्रबंधाच्या जागी एक प्रकल्प, अशी त्याची साधारण घडण आहे.

या चारशेंमध्ये ख्रिस्ती विद्यापीठांची संख्या मोठी आहे. जेझुइटांची मार्केट आणि क्रेटन, बॅप्टिस्टांची बेलर आणि सॅमफर्ड, कॅलिफोर्नियातलं अझुसा पॅसिफिक, सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्टांचं लोमा लिंडा. यातल्या बहुतेकांच्या माहितीपत्रकात 'विश्वास आणि सेवा' हे शब्द पहिल्या पानावर असतात. प्रश्न असा, की ते शब्द पदवीच्या आत नेमके कुठे बसतात? बेडसोअर ख्रिस्ती विद्यापीठात शिकलेल्या नर्सच्या हाताखाली वेगळा वागत नाही. इन्शुलिनची मात्रा श्रद्धेने बदलत नाही. मग श्रद्धेचं विद्यापीठ आणि पुराव्याची पदवी यांचं नातं वरवरचं आहे, की खरोखर काही आहे?

लोमा लिंडाच्या आवारात शिल्पकार ॲलन कॉलिन्स यांचा एक शिल्पसमूह आहे, दयाळू शोमरोनी माणसाचा. हे विद्यापीठ १९०५ साली लॉस एंजेलिसच्या पूर्वेला एका आरोग्यधामातून सुरू झालं आणि नर्सिंगचं शिक्षण त्याच वर्षी सुरू झालं. वैद्यकशाळा नंतर आली. माणसाला समग्र करणं हे त्याचं घोषवाक्य. तेव्हा लूकच्या शुभवर्तमानातली ती गोष्ट तिथे शिल्परूपाने उभी असावी, हे साहजिक आहे. पण गोष्ट नीट वाचली तर त्यात एक गोष्ट ठळकपणे नाही. रस्त्यावर जखमी होऊन पडलेल्या माणसाजवळ कोणीही प्रार्थना करत नाही. याजक आणि लेवी, ज्यांचं आयुष्य प्रार्थनेत जायचं, ते बाजूने निघून जातात. शोमरोनी मात्र जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्टी बांधतो, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर शुश्रूषा करतो. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो आणि सांगतो, की आणखी खर्च झाला तर परत येताना भागवीन.

ही शेवटची ओळ प्रवचनांत सहसा घाईने उरकली जाते. परिचर्येच्या दृष्टीने ती गोष्टीचा कळस आहे. जखम धुणं ही कणव झाली. परत येऊन माणूस बरा झाला की नाही हे पाहण्याची तजवीज ही जबाबदारी झाली. अमेरिकन रुग्णालयं आज घरी सोडलेला रुग्ण तीस दिवसांत पुन्हा दाखल झाला का, याचा हिशेब ठेवतात. डीएनपीच्या कितीतरी प्रकल्पांचा विषयच तो असतो: हृदयविकाराच्या रुग्णाला घरी पाठवताना कोणी काय समजावलं, तिसऱ्या दिवशी फोन केला का, वजन रोज पाहायला सांगितलं का, आणि त्याने फरक पडला का. ख्रिस्ती विद्यापीठाला आपल्या श्रद्धेचा आधार या पदवीसाठी हवा असेल तर तो इथे आहे, शोमरोन्याच्या परतीच्या वायद्यात. केलेल्या सेवेचं फळ काय आलं हे न पाहणारी करुणा स्वतःच्या समाधानावर थांबते, आणि रस्त्यावरच्या माणसाला त्या समाधानाचा काही उपयोग नसतो.

फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी हे धर्मशास्त्राच्या भाषेतच मांडलं होतं. ७ फेब्रुवारी १८३७ रोजी, सतरावं पुरं व्हायच्या आधी, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावलं अशी त्यांची नोंद आहे. १८५१ साली जर्मनीतल्या कायझर्सवर्थ इथे प्रोटेस्टंट सेविकांच्या संस्थेत त्या तीन महिने राहून शिकल्या. क्रिमियन युद्धानंतर त्यांनी सैनिकांच्या मृत्यूंची जी वर्तुळाकार आलेखचित्रं १८५८ मध्ये काढली, ती आज संख्याशास्त्राच्या पुस्तकांत असतात. त्यांच्या चरित्रात श्रद्धा एका कप्प्यात आणि आकडे दुसऱ्या कप्प्यात नाहीत. देव नियमांनी जग चालवतो, ते नियम मोजणीतून कळतात, म्हणून मोजणी ही देवाचा विचार समजून घेण्याची वाट, अशी त्यांची ठाम धारणा होती. पटकीपासून वाचव अशी प्रार्थना करायची आणि गटार तसंच वाहू द्यायचं, याला त्या भक्ती मानायला तयार नव्हत्या.

पण याच नाइटिंगेल परीक्षेने नर्स ठरवण्याच्या विरोधात उभ्या राहिल्या, आणि इथे प्रश्न खरा अवघड होतो. १८८० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये नर्सची सरकारी नोंदणी असावी म्हणून एथेल बेडफर्ड फेनविक यांनी चळवळ सुरू केली. नाइटिंगेल यांनी तिला कडाडून विरोध केला. परीक्षेला माहिती तपासता येते. चारित्र्य, हाताचा हळुवारपणा, संकटात न डळमळणारं मन तपासता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. कायदा अखेर १९१९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर झाला, आणि तो झाला हे योग्यच झालं. नोंदणीशिवाय अप्रशिक्षित हातांपासून रुग्णाचं रक्षण झालं नसतं, आणि नर्सला व्यवसाय म्हणून उभं राहता आलं नसतं. तरीही नाइटिंगेल यांची शंका खोटी ठरलेली नाही. डॉक्टरेट मिळवलेली नर्स दयाळू असेलच असं कोणतीही पदवी सांगू शकत नाही.

या जागी सिमोन वेल यांचा एक निबंध आठवतो. वेल जन्माने ज्यू, मनाने ख्रिस्ताकडे ओढलेल्या, आणि तरी चर्चच्या उंबरठ्याबाहेर थांबलेल्या फ्रेंच तत्त्वज्ञ. १९४२ साली एका कॅथलिक धर्मगुरूच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी शालेय अभ्यासाचा ईश्वरप्रेमासाठी काय उपयोग, या विषयावर लिहिलं. त्यांचा युक्तिवाद साधा आहे. भूमितीचं उदाहरण सोडवताना मन एका जागी टेकवावं लागतं, स्वतःची घाई बाजूला ठेवावी लागते. उत्तर आलं नाही तरी ही लक्ष देण्याची शक्ती वाढते. तीच शक्ती प्रार्थनेत लागते आणि तीच दुःखी माणसापाशी बसून त्याला काय होतंय हे विचारताना लागते. दुःखी माणसाला असं लक्ष देणं वेल यांच्या लेखी फार दुर्मीळ, जवळजवळ चमत्कारासारखं.

वेल यांचं म्हणणं मान्य केलं तर अभ्यास आणि करुणा यांच्यातली भिंत पडते. संख्याशास्त्राच्या तासाला घाम गाळणारी नर्स त्या वेळात रुग्णापासून दूर गेलेली नसते; आपल्याला जे वाटतं ते खरंच तसं आहे का, हे थांबून पाहण्याची सवय ती लावून घेत असते. याचं एक ठोस उदाहरण ओमाहाच्या क्रेटन या जेझुइट विद्यापीठातलं आहे. तिथल्या प्राध्यापिका बार्बरा ब्रेडन आणि त्यांच्या सहकारी नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी १९८० च्या दशकात बेडसोअरचा धोका आधीच ओळखण्यासाठी एक मोजपट्टी तयार केली. रुग्णाला दुखलेलं जाणवतं का, त्वचा ओलसर राहते का, तो हिंडतो का, कूस बदलू शकतो का, खातो किती, आणि चादरीवर अंग घासतं का. सहा बाबी, ६ ते २३ गुण. १८ किंवा त्याखाली आले की सावध व्हायचं. आज जगभरच्या वॉर्डांत ही पट्टी वापरली जाते. तिच्यात देवाचं नाव कुठेही नाही. पण बोलू न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या माकडहाडावर उद्या काय होणार आहे, हे आज पाहणारी नजर त्यात आहे, आणि ती नजर अनेकींनी वर्षानुवर्षं अंथरुणाशी उभं राहून कमावलेली आहे.

डीएनपीचा प्रकल्प याच जातीचा असतो. बहुतेक विद्यार्थिनी नोकरी करणाऱ्या असतात. बारा-बारा तासांच्या ड्यूट्या, घरी मुलं, आणि रात्री संगणकासमोर ऑनलाइन वर्ग. आपल्याच वॉर्डातली खटकणारी एक गोष्ट त्या निवडतात, आधीची स्थिती मोजतात, पुराव्यावर आधारलेला बदल आणतात, नंतर पुन्हा मोजतात. या साऱ्यात सगळ्यात अवघड असतं ते सहकाऱ्यांना पटवणं. वीस वर्षं एकाच पद्धतीने काम करणाऱ्या सिस्टरला, ही पद्धत बदलू या, हे सांगायला ज्ञान लागतं आणि नम्रताही लागते. प्रकल्प संपल्यावर सुधारणा टिकली का, हा प्रश्न तर अनेक ठिकाणी विचारलाच जात नाही. विद्यार्थिनी पदवी घेऊन जाते, वॉर्ड पुन्हा जुन्या वळणावर जातो. शोमरोन्याच्या नावाने शिकवणाऱ्या विद्यापीठाने निदान ही एक अट घालायला हवी: वर्षभराने परत जाऊन पाहा, आणि जे दिसेल ते लिहा.

श्रद्धा वॉर्डात सगळ्यात उघडपणे येते ती प्रार्थनेच्या रूपाने. तिथेच सगळ्यात जास्त जपावं लागतं.

इंग्लंडमधली दोन प्रकरणं पाहण्यासारखी आहेत. २००८ च्या अखेरीस सॉमरसेट भागात घरोघरी जाणाऱ्या एका नर्सने एका वृद्ध रुग्ण बाईंना, तुमच्यासाठी प्रार्थना करू का, असं विचारलं. बाईंनी नाही म्हटलं, नर्सने विषय सोडला. बाई दुखावल्या नव्हत्या, त्यांना फक्त ते जरा वेगळं वाटलं. नर्सला निलंबित केलं गेलं, देशभर चर्चा झाली, आणि २००९ च्या फेब्रुवारीत तिला परत बोलावण्यात आलं. दुसरं प्रकरण केंट परगण्यातलं. शस्त्रक्रियेपूर्वीची माहिती भरून घेणाऱ्या नर्सविरुद्ध तक्रारी आल्या, की ती रुग्णांशी धर्मावर बोलते, प्रार्थनेचा आग्रह धरते. समज देऊनही ते थांबलं नाही. २०१६ मध्ये तिला कामावरून काढलं आणि २०१९ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

दोन्ही नर्सचा हेतू चांगला होता. फरक आहे तो रुग्णाच्या 'नाही'ला मिळालेल्या जागेत. शस्त्रक्रियेच्या आदल्या घटकेला घाबरून बसलेला माणूस पूर्णपणे मोकळा नसतो. समोरच्या गणवेशातल्या व्यक्तीच्या हातात आपला जीव आहे, असं त्याला वाटत असतं, आणि तिला नाराज करायची त्याची हिंमत होत नाही. त्याच्या होकाराला फारसं मोल नाही. ख्रिस्ती विद्यापीठात हे स्पष्ट शिकवलं गेलं नाही, तर तिथला अध्यात्माचा तास रुग्णाच्या दुबळेपणाचा फायदा घेण्याचं प्रशिक्षण होऊन बसेल. आणि हे लोमा लिंडासारख्या ठिकाणी शिकवलं जातं, ही समाधानाची बाब आहे. तिथल्या प्राध्यापिका एलिझाबेथ जॉन्स्टन टेलर यांनी रुग्णाशी श्रद्धेबद्दल कसं बोलावं आणि कुठे थांबावं, यावर आयुष्यभर काम केलं आहे. डॉ. क्रिस्तिना पुखाल्स्की यांनी १९९६ मध्ये मांडलेली चार प्रश्नांची पद्धतही अशीच आहे. तुमची काही श्रद्धा आहे का, तिचं तुमच्या आयुष्यात आणि आजारपणात स्थान काय, तुमची अशी काही माणसं वा मंडळी आहेत का, आणि आम्ही उपचारात याची दखल कशी घ्यावी. चारही प्रश्न रुग्णाच्या श्रद्धेबद्दल आहेत. विचारणाऱ्याच्या श्रद्धेचा त्यात शब्दही नाही. हिंदू आजीने उशाशी गणपतीचा फोटो मागितला, तर तो नीट दिसेल असा लावून देणं, ही त्या ख्रिस्ती नर्सच्या स्वतःच्या श्रद्धेशी गद्दारी ठरत नाही. शेजाऱ्यावर प्रीती करायची ती त्याच्या जागी जाऊन.

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात दुःखात बुडालेल्या ईयोबाला त्याचे मित्र भेटायला येतात तेव्हा सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसतात. मग ते बोलू लागतात, दुःखाची कारणं सांगू लागतात, आणि तिथून त्यांचं चुकत जातं. नर्सिंगच्या वर्गात हा अध्याय वाचला जावा.

शब्बाथाचा प्रश्न याहून वेगळा, आणि ॲडव्हेंटिस्टांपुरता खास. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत त्यांचा विश्रांतीचा दिवस. विद्यापीठाचे वर्ग बंद, कचेऱ्या बंद. पण रुग्णालय बंद ठेवता येत नाही. ताप शब्बाथ पाळत नाही. येशूने शब्बाथाच्या दिवशीच वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं केलं आणि त्यावरून नियमांवर बोट ठेवणारे परुशी संतापले, हा मार्कच्या शुभवर्तमानातला प्रसंग इथे आधाराला येतो. त्यामुळे पुढे ढकलता येतील अशा गोष्टी थांबवायच्या आणि आजाऱ्याला आज जे लागतं ते द्यायचं, अशी विभागणी या परंपरेने स्वीकारली. कागदावर ती सोपी वाटते. प्रत्यक्षात कोणतं काम आजचं आणि कोणतं उद्याचं, हा निवाडा नर्सला दर शनिवारी करावा लागतो. चादर बदलणं, उद्याच्या औषधांची यादी, प्रकल्पासाठीची आकडेवारी भरणं. यात धर्मशास्त्र आहे, आणि ते ग्रंथालयात सुटत नाही.

सदसद्विवेकाचा पेच त्याहून खोल जातो. कॅलिफोर्नियात ९ जून २०१६ पासून असाध्य आजाराच्या रुग्णाला, ठरलेल्या अटींखाली, जीवन संपवण्यासाठी औषध मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. त्यात सहभागी न होण्याची मुभा व्यक्तींना आणि संस्थांना आहे, आणि बहुतेक ख्रिस्ती रुग्णालयं ती वापरतात. अमेरिकन नर्सेस असोसिएशनची भूमिका अशी, की नर्स नकार देऊ शकते, पण रुग्णाला वाऱ्यावर सोडू शकत नाही. हा दुसरा भाग पहिल्याइतकाच कडक आहे. ज्या नर्सला हे कृत्य पाप वाटतं, तिनेच त्या रुग्णाची मागणी न रागावता ऐकायची, त्यामागची भीती वेदनेची आहे की इतरांवर ओझं होण्याची आहे हे समजून घ्यायचं, आणि वेदनेवर उपाय असेल तर तो मिळवून द्यायचा. मरणासाठी मदत मागणारा माणूस एकटा पडू नये, ही जबाबदारी नकार देणाऱ्यावर उलट जास्त येते. डॉक्टरेटच्या पातळीवरचं नीतिशास्त्र शिकायचं ते अशा खोलीत उभं राहता यावं म्हणून.

'ईश्वरी बोलावणं' या कल्पनेची एक काळी बाजूही सांगायला हवी. कायझर्सवर्थच्या सेविकांना पगार नव्हता. निवारा, गणवेश, किरकोळ खर्चाची रक्कम आणि म्हातारपणी आसरा एवढंच. त्या काळात अविवाहित स्त्रीला यातून सन्मानाचं आयुष्य मिळालं, हे खरं. पण सेवा म्हटलं की मोबदला विचारायचा नाही, ही सवय त्यातून रुजली आणि शंभर वर्षं नर्सच्या पगारावर बसून राहिली. आज त्याच परंपरेतली खाजगी ख्रिस्ती विद्यापीठं डीएनपीसाठी भरमसाट शुल्क घेतात. विद्यार्थिनी कर्ज काढते. कर्ज डोक्यावर असलेली नर्स मग खेड्यातल्या गरीब दवाखान्यात जाईल, की जास्त पगाराच्या शहरी रुग्णालयात? विद्यापीठाने पहिल्या पानावर 'दुर्बलांची सेवा' छापली असेल, तर शिष्यवृत्तीचं पान त्याच्या जोडीने वाचायला हवं. ख्रिस्ती संस्थेला हा प्रश्न इतरांपेक्षा कठोरपणे विचारला जावा, कारण तिने तो स्वतःहून ओढवून घेतला आहे.

आणि मग ती पदवी नावाआधी लावायची का? कॅलिफोर्नियात २०२२ साली डीएनपी झालेल्या एका नर्सने स्वतःला 'डॉक्टर' म्हणवल्याबद्दल जिल्हा सरकारी वकिलांनी दावा लावला आणि सुमारे २० हजार डॉलर भरून तडजोड झाली. पुढच्या वर्षी तीन नर्सनी त्या कायद्यालाच आव्हान दिलं. दोन्ही बाजूंना थोडा-थोडा न्याय आहे: रुग्णाचा गोंधळ होऊ नये, आणि कष्टाने मिळवलेली पदवी लपवावी लागू नये. ख्रिस्ती वाचकाला इथे मत्तयाचा तेविसावा अध्याय बोचतो, ज्यात येशू शिष्यांना 'रब्बी', म्हणजे गुरू, म्हणवून घेऊ नका असं बजावतो. पण योहानाच्या तेराव्या अध्यायात तोच येशू, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते योग्यच आहे असं सांगतो. आणि हे सांगतो तो शिष्यांचे पाय धुऊन झाल्यावर, गुलामाचं काम आटोपल्यावर. पदवी नाकारण्याची गरज त्याला वाटली नाही. अमेरिकेतल्या अनेक ख्रिस्ती नर्सिंग महाविद्यालयांत प्रत्यक्ष रुग्णसेवा सुरू होण्याआधी विद्यार्थिनींच्या तळहातांना तेल लावून आशीर्वाद देण्याचा विधी होतो. डॉक्टरेटच्या टप्प्यावर पोहोचलेल्या नर्सचे हात अजूनही बेडपॅनला लागतात का, की ती आता फक्त बैठकांत असते, हे त्या विधीच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे.

महाराष्ट्राला या कथेचं एक जुनं टोक जोडलेलं आहे. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केलं, आणि तिथे मराठी मुलींना नर्सिंगचं शिक्षण मिळू लागलं. तिकडे वेल्लोरला आयडा स्कडर यांनी १९०० साली छोट्या दवाखान्याने सुरुवात केली, १९०९ मध्ये नर्सिंगची शाळा काढली, आणि १९४६ साली तिथे देशातल्या पहिल्या नर्सिंग पदवी अभ्यासक्रमांपैकी एक सुरू झाला. ज्या काळात परक्याचं अंग पुसणं, घाण काढणं हे जातीने ठरलेलं आणि हलकं मानलेलं काम होतं, त्या काळात ख्रिस्ती संस्थांनी ते शिकण्याजोगं, परीक्षा देण्याजोगं, पदवी घेण्याजोगं काम आहे असं ठरवलं. मिशनच्या धर्मप्रसाराबद्दल मतं वेगवेगळी असतील. ही एक गोष्ट त्यांच्या खात्यावर निर्विवाद जमा आहे.

भारतात नर्सिंगमधली डॉक्टरेट आजही पीएच.डी.च्या रूपातच आहे. ती मिळाली की बाई बहुधा महाविद्यालयात जाते, प्राध्यापिका होते, प्राचार्या होते. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम अलीकडे आला, पण तो पूर्ण केलेल्यांना रुग्णालयात नेमकं कोणतं पद आणि किती अधिकार, याची घडी नीट बसलेली नाही. १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि प्रसूतिसेवा आयोगाचा कायदा आला आहे. त्याखाली होणाऱ्या नियमांत, रुग्णाच्या उशाशीच थांबून सर्वोच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या नर्ससाठी जागा ठेवायची की नाही, हे ठरवावं लागेल. मिरज आणि वेल्लोरसारख्या संस्थांनी त्या चर्चेत बोलावं. शंभर वर्षांपूर्वी त्यांनी कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नव्हती.